भनपुरीहून घरी

आमच्या घरी बायको नवऱ्याच्या आधी जेवत नसे. मी तसं कधी सांगितलं नाही, पण नको असंही म्हटलं नाही. बेचाळीस वर्षं गरम पोळी मी खाल्ली, गार तिनं. चुकलंच माझं. तिला विसर पडायला लागला तेव्हा ते कळलं.

ती मला ओळखेना. पण नवरा जेवायचा राहिला आहे, एवढं मात्र डोक्यात पक्कं. ताट पुढे केलं की सारून द्यायची. ‘‘भैया, तुम्ही घ्या जेवून. आमचे हे भनपुरीहून यायचे हायेत.’’

‘‘अवं, मीच तो!’’

‘‘लाज नाही वाटत? म्हातारा माणूस अन् काय बोलून राहिला!’’

दोन दिवस नुसत्या पाण्यावर काढले तिनं. डॉक्टर म्हणाले, आता नाकातून नळी. पोरगा म्हणाला, ‘‘बाबा, डलवा देते हैं. आप कब तक करोगे?’’

‘‘उद्या दुपारपर्यंत थांब,’’ मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पेटीतून माझ्या भनपुरीच्या वर्कशॉपचा खाकी शर्ट काढला. ट्रकच्या बॉड्या वेल्डिंग करताना ठिणग्यांनी भोकं पडलेला. रिकामा डबा घेतला, मागच्या दारानं निघालो अन् तात्यापाऱ्याच्या चौकाला वळसा घालून पुढच्या दारात आलो.

पानवाला हसला. ‘‘काका, रिटायरमेंट कैंसल?’’

‘‘हव.’’

घरात शिरून डबा ठेवला, पाय धुतले, पाटावर बसलो. ‘‘वाढ. भूक लागली मले.’’

ती उठली. ‘‘काहून एवढा उशीर?’’ शर्टाच्या भोकात बोट घातलं. ‘‘आणखी एक पाडलं ना!’’

सुनेनं ताट तिच्या हातात दिलं, तिनं ते माझ्यापुढे ठेवलं. मी दोन घास खाल्ले अन् ताट तिच्याकडे सरकवलं. त्याच ताटात ती जेवली. अर्धी पोळी, वाटीभर वरण. पोरगा दारात उभा राहून पाहत होता. नळीचं नाव पुन्हा त्यानं काढलं नाही.

मग रोज दोनदा ड्युटी. पाऊस असो, ताप असो. कधी शर्ट घालूनही ती ओळखत नसे. मग पुन्हा बाहेर, पुन्हा वळसा. गुडघे बोंबलायचे. बोंबलू दिले.

दोन वर्षं चाललं. ती गेली, पण नळीशिवाय गेली.

तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन मागच्या दाराशी उभा. सून म्हणाली, ‘‘बाबा, अब कहाँ?’’

वळसा घातलाच. आलो, पाय धुतले, जेवायला बसलो. दोन घासांनंतर हात ताट सरकवायला गेला. मागे घेतला. उरलेलं सगळं मीच संपवलं.