मास्तरांची एक धाव

सामना असला की दत्तूभाऊ वांग्याच्या मळ्यातून थेट निंबाखाली येऊन बसत आणि चष्मा पुसून होईपर्यंत पहिला चेंडू टाकू देत नसत. पिंपळगाव राजाच्या संघातल्या प्रत्येकाने आजवर काढलेल्या सगळ्या धावा त्यांच्या जाड वहीत होत्या. शाईने लिहिलेल्या, कुठेही खाडाखोड नाही. म्हणायचे, "मैदानात चुका तुमी करा. वहीत मी करत नाही."

वहीत सगळ्यांत वर नाव होतं त्यांच्या थोरल्या भावाचं, आत्मारामचं. आत्माराम वारला, तरी नाव वरच होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. माझी घाटावर बदली झाली, तेव्हा आत्मारामशी माझी बरोबरी झालेली आणि सामना एकच उरलेला. वर जायला एक धाव हवी होती. त्या एका धावेसाठी मी आठवडाभर नीट जेवलो नाही, खोटं कशाला सांगू?

आमच्याकडे पॅडची जोडी एकच, दोघे फलंदाज एकेक बांधायचो. षटकाचा शेवटचा चेंडू बॅटची कड घेऊन नेमका उघड्या नडगीवर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी पळालो आणि धाव काढली. निंबाखालून दत्तूभाऊ ओरडले, "लागलं का, मास्तर?"

एवढ्या लोकांत रडका कोण दिसेल? मी छाती काढून म्हणालो, "छे! अजिबात नाही!"

पुढच्याच चेंडूवर माझा त्रिफळा उडाला. येऊन वही पाहतो तर माझी धाव अवांतरात!

"म्या इचारलं, लागलं का. तुमीच नाही म्हटलं," दत्तूभाऊ शांतपणे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "भावाचं नाव वर ठेवायचंय, असं सरळ सांगा ना!"

दत्तूभाऊ वही मिटून मळ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.त सामान चढवत होतो, तर हे धापा टाकत हजर. "बायको हासली माह्यावर. म्हने, लागलं का म्हटल्यावर मानूस नडगीच पाहीन ना! आता नीट इचारतो, मास्तर. चेंडू बॅटले लागला होता का?"

"हो. लागला होता."

त्यांनी एस.टी.च्या पायरीवर वही ठेवली, अवांतरातली धाव खोडली, शेजारी सही केली आणि ती माझ्या नावापुढे मांडली. "आत्माराम आता दुसरा," म्हणाले आणि चक्क हसले. मला इतकी लाज वाटली की माफी मागायचंही सुचलं नाही.

दत्तूभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. चेंडू बॅटला लागला होता, हे मी आजही कुठेही शपथेवर सांगेन. त्यांनी शपथ मागितलीच नाही.