टँकरचा फोटो

मी सरकारी नोकरीला लागले तेव्हा वडिलांनी ऑर्डरचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "नुसते फोटो काढायला सरकार पगार देतं? काहीतरी गडबड असणार." जुन्या जालन्यात आमचं कापडाचं दुकान. मी लग्नांचे अल्बम करत होते तोवर घरात कुणाची तक्रार नव्हती. पण जिल्ह्याच्या कचेरीत छायाचित्रकार म्हणून बाई, तीही मारवाड्याची मुलगी, हे त्यांच्या पचनी पडायला बरेच दिवस गेले.

काम म्हणजे मंत्र्यांचे दौरे, झेंडावंदनं, उद्घाटनं, योजनांचे लाभार्थी. पिंपळगाव रेणुकाईकडे एकदा कपाशीचे फोटो घेत होते, तर बांधावरून एका आजोबांनी विचारलं, "रस्त्यात चालली काय आमची जमीन?" मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. मी गाडीत बसेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. पुढं मीही तशीच संशयी होत गेले. कुणी "इथून घ्या, इथून फोटो छान येतो" म्हणालं की दुसऱ्या बाजूला काय आहे, ते मी आधी बघायची.

घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात नळयोजना पूर्ण झाल्याचं कळलं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "बायका पाणी भरताहेत असा फोटो हवा. चेहरे हसरे पाहिजेत." मी आणि ड्रायव्हर सकाळीच निघालो. ड्रायव्हर चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस.

गावात ठेकेदार स्वतः स्वागताला उभा. खुर्च्या, शहाळी, शाळेच्या भिंतीलगतच्या नळाला झेंडूचा हार. बायकांच्या हातात नव्या कळशा होत्या, काहींवर दुकानाची चिठ्ठी तशीच. नळ सोडला, पाणी आलं. बायका हसल्या, पण नजर पाण्याकडे नव्हती, ठेकेदाराकडे होती. मध्येच धार बारीक झाली. ठेकेदारानं भिंतीपलीकडे बघत कुणाला तरी हात केला आणि धार परत मोठी झाली.

"झालं ना म्याडम? जल्दी आटपा, ऊन वाढून राह्यलं," तो म्हणाला.

पुढं वाकून कळशी भरणारी बाई मान वर न करता पुटपुटली, "भिंतीमागं जाऊन या, बाई. मंग हसतो आमी."

बाथरूम कुठे आहे असं विचारत मी शाळेमागे गेले. तिथे टँकर उभा होता. त्याचा पाइप भिंतीखालून नळापर्यंत नेलेला. टँकरवर एक माणूस मोबाईल घेऊन बसला होता. मी फोटो काढला. त्यानं मान वर करून पाहिलं आणि परत मोबाईलमध्ये डोकं घातलं.

परतताना ड्रायव्हरला फोन आला. गाडी कडेला लावून तो लांब जाऊन बोलला. "घरून होता," एवढंच सांगितलं.

कचेरीत मी बॅग टेबलावर ठेवते न ठेवते तोच साहेबांनी विचारलं, "टँकरचा फोटो कशाला काढला?"

मी अजून कुणालाच काही सांगितलं नव्हतं. डोक्यात पहिलं आलं ते ड्रायव्हरचं नाव.

"तो पुसून टाका," साहेब म्हणाले.

"पुसायचा असेल तर तसं लेखी द्या."

लेखी त्यांनी काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी हसऱ्या बायका पेपरात आल्या आणि माझे दौरे बंद झाले. एका कोंदट खोलीत कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायला मला बसवलं. टँकरच्या फोटोची एक प्रत मी आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवली. माझ्या टेबलाशी कुणी जरा जास्त रेंगाळलं तरी मला शंका यायची. ड्रायव्हरनं आणलेला चहा तसाच गार व्हायचा. त्याच्या ते लक्षात आलं होतं, मग त्यानं आणणंच बंद केलं.

पुढं गावानं वरपर्यंत तक्रार केली आणि चौकशीचं पथक आलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "तो फोटो आहे ना तुमच्याकडे?"

मला तो सापळा वाटला. "कोणता फोटो?"

"तुम्ही पुसला नसणार, हे मला बराबर माहीत आहे. ठेकेदार आता सगळं माझ्या अंगावर ढकलतोय."

"त्या दिवशी तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"ठेकेदारानंच. टँकरवरच्या माणसानं त्याला तिथूनच फोन लावला होता."

फोटो मी साहेबांकडे दिला नाही. त्यांच्यासमोर पथकाच्या हातात दिला. फोटोतला टँकर ठेकेदाराचाच निघाला; साहेब सुटले, ठेकेदाराचं काम गेलं. साहेबांना गावाचं पाणी हवं होतं की स्वतःची खुर्ची, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला खुर्चीच वाटते.

त्या दुपारी मी ड्रायव्हरला टपरीवर चहाला नेलं. बशीत चहा ओतत तो म्हणाला, "तुमी माझ्यावर डाऊट घेतल्ता."

"हो."

"मी बी तुमच्यावर घेतल्ता. वाटलं, टँकर मीच दावला असं साहेबापाशी सांगून तुमी मोकळ्या झाल्या."

मी अजून एक चहा सांगितला.

दुसऱ्या ठेकेदारानं पाइपलाइन नीट टाकली आणि मला पुन्हा त्या गावाला पाठवलं. तीच बाई दारात उभी होती. "आदी घरातली समदी भांडी भरू द्या. मंग काढा फोटू." हंडे, पिंप, बादल्या, शेवटी तांब्या-पेलेसुद्धा भरून झाले. मी लिंबाच्या सावलीत बसून राहिले. फोटो काढल्यावर तिनं कॅमेरा मागितला. पदराला हात पुसून ती फोटो न्याहाळू लागली. आधी नळ, मग भिंत, मग कडेची रिकामी जागा, सगळीकडे तिनं बोट फिरवलं.

"बरं," ती म्हणाली. "हा द्या छापायला."