दुसऱ्या धुवणाचं पाणी

"हे धुवण कुठं सोडता?" पुण्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

आमच्या चीफ केमिस्टांनी हातातल्या पेनानं माझ्याकडं दाखवलं. "सोडतो कशाला? हा नेतो की घरी. थेंब वाया जात नाही."

सगळी लॅब हसली. मीही हसलो. हे आधी लिहून टाकतो, कारण नंतर ते लिहायला मला जड जाईल.

पुण्याचे साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "पिता काय हे?"

माझ्या आधी केमिस्ट बोलले. "छे छे, भांडी घासायला. काय रे मॅट्रिक?"

"व्हय साहेब. भांड्याला," मी म्हणालो.

ते पाणी आम्ही साठ दिवस पीत होतो. केमिस्टांना ते माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. तरी मी खोटं बोललो. हंगामी कामगारांतून कायम करायच्या नावांची यादी त्या महिन्यात व्हायची होती.

तो सहकारी साखर कारखाना आमच्या गावापासून चार किलोमीटर. कारखान्याचं नाव लिहीत नाही. सहकारी म्हणजे सगळ्यांचा, असं उद्घाटनाच्या भाषणात ऐकलं होतं. आमच्या बौद्ध वस्तीतून आत गेलेला मी पहिला. दहावी पास, अक्षर बरं, आकड्यात चूक नाही. म्हणून लॅबमध्ये घेतलं आणि नाव पडलं मॅट्रिक. खरं नाव हजेरीपत्रकातच राहिलं.

काम असं. दर तासाला सहा नमुने यायचे, रसाचे, पाकाचे, चोथ्याच्या अर्काचे. रस गढूळ असतो. त्यात साखर किती ते यंत्रातून बघायचं तर तो काचेसारखा नितळ लागतो. म्हणून फ्लास्कमध्ये एक पांढरी पावडर टाकायची, हलवायचं, कागदातून गाळायचं. घाण कागदावर राहते, खाली नितळ रस. त्या पावडरीला सगळे लेड म्हणत. मोठ्या डब्यातून ती काचेच्या बरणीत काढून ठेवत. डबा केमिस्टांच्या कपाटात, कुलपात. मी बरणीच बघितली. बरणीवर काही लिहिलेलं नव्हतं.

आठ तासांत अठ्ठेचाळीस फ्लास्क. प्रत्येक तीनदा विसळायचा. पहिलं धुवण मोरीत, कारण ते पिवळट असायचं. दुसरं आणि तिसरं नितळ. तेही मोरीतच जायचं. मी रोज बघायचो आणि किती लिटर गेलं ते मोजायचो.

कारण ते दुष्काळाचं वर्ष होतं. वस्तीतला आड दिवाळीलाच आटला. टँकर यायचा तो गावच्या मोठ्या विहिरीत रिकामा व्हायचा. त्या विहिरीवर आम्ही चढायचं नाही. बाया घागरी घेऊन खाली उभ्या राहायच्या. वरून कुणी ओतलं तर ओतलं. मी मोजलं होतं, एका घागरीला सरासरी दोन तास. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा एका दिवसात रिकामा झाला होता. विहिरीला तेवढं जमलं नव्हतं.

कारखान्यात मात्र पाणी होतं. रस आटवताना निघालेली वाफ थंड केली की पाणी मिळतं. ते साहेब लोकांच्या क्वार्टरला नळानं जायचं. फाटकातून बाहेर न्यायला कुणाला परवानगी नव्हती. टाकाऊ पाण्याला कोण अडवणार, असा मी विचार केला. केमिस्टांपुढं उभा राहिलो. हात जोडले. "साहेब, दुसरं-तिसरं धुवण पिंपात साठवू का? घरी नेईन म्हणतो."

"ने की बाबा," ते म्हणाले. "तुझी वस्ती सुखी होऊ दे."

मी आभार मानले. दोनदा मानले.

मग रोज तेलाचे दोन रिकामे डबे सायकलला बांधून न्यायला लागलो. पंधरा-पंधरा लिटर. शहाण्णव विसळण्या, दर वेळी पाव लिटरहून थोडं जास्त, हिशेब बरोबर बसायचा. घरी नेऊन दुहेरी फडक्यातून गाळायचो. वर उकळायला लावायचो. शाळेत शिकलो होतो, पाणी उकळून प्यावं. मी काळजी घेत होतो. अर्धा डबा शेजारच्या भागूबाईला द्यायचो. तिचा नवरा ऊस तोडायला गेला होता.

आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "कारखान्याचं पानी लई ग्वाड हाय रं."

रसाचा अंश असेल, मी म्हणालो. मलाही गोड लागलं होतं.

लॅबमध्ये पिण्याचा माठ होता. तो मला नव्हता. तसं कुणी बोललं नाही. पहिल्या दिवशी काठ फुटलेला एक बीकर खिडकीत ठेवून केमिस्ट म्हणाले होते, "हा तुझा." त्यात मी धुवणाच्याच पिंपातलं पाणी घ्यायचो. एकदा ते घेताना त्यांनी बघितलं.

"घरी चहा पण ह्याचाच का रे?"

"व्हय साहेब."

"मग साखर वाचत असेल तुमची!"

तेव्हाही सगळे हसले होते.

पुण्याचे साहेब गेले त्या दिवशी दारात उभं राहून ते केमिस्टांशी इंग्रजीत बोलले. आवाज चढलेला होता. केमिस्ट मान खाली घालून "येस सर" म्हणत होते. मला धडकी भरली, उद्यापासून पाणी बंद. दुसऱ्या दिवशी मी भीत भीत पिंपाकडं गेलो. कुणी अडवलं नाही. मला बरं वाटलं. त्या रात्री मी निवांत झोपलो. हेही लिहून ठेवतो.

तोवर घरात दुखणी सुरू झाली होती. आईच्या पोटात कळ यायची, गुडघे पोटाशी घेऊन पडायची. मला आणि बायकोला शौचाला व्हायचं नाही. सहा वर्षांची लेक पांढरी पडली होती, शाळेत बाकावर झोपायची, जेवायला बसवलं की रडायची. दुष्काळाचं अन्न, रेशनची लाल मिलो ज्वारी, सोसत नसेल, असं वाटलं. वस्तीत कोण धडधाकट होतं?

मग एका सकाळी आई भाकरी थापायला बसली. उजवा हात उचलला तर पंजा मनगटातून खाली लोंबला. तिनं डाव्या हातानं तो वर केला. सोडला. परत खाली. पिठाच्या गोळ्यावर पंजा नुसता पडून राहिला.

"माजा हात कुठं गेला रं?" ती म्हणाली.

त्याच दिवशी एसटीनं सोलापूर गाठलं. आईला घेतलं, लेकीलाही घेतलं. सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं आईचा हात बघितला आणि एकदम तिचा खालचा ओठ ओढून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती.

"मिसरी लावते ती," मी म्हणालो. ती रेघ मी घरी बघितली होती. मिसरीचा डाग समजत होतो.

डॉक्टरनं लेकीला जवळ घेतलं, तिचा ओठ ओढला. तीच रेघ.

"ही पण मिसरी लावते का?" त्यानं विचारलं.

मी नुसती मान हलवली. नाही.

"घरात रंगाचं काम? बॅटरीचं? शिसं कुठून येतं पोटात?"

मी म्हणालो, आमच्याकडं शिसं नाही. मी लॅबमध्ये काम करतो, तिथं नुसती लेडची पावडर असते.

त्यानं पेन खाली ठेवलं. "लेड म्हणजेच शिसं. आणि त्या पावडरीचं पाणी गोड लागतं." मग सावकाश विचारलं, "कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

परतीच्या एसटीत मी हिशेब केला. मला दुसरं काही येत नाही. एकाहत्तर दिवस, रोज तीस लिटर. दोन हजार एकशे तीस लिटर. त्यातला चौथा हिस्सा भागूबाईच्या घरात. बाकीचं माझ्या घरात, मी स्वतः वाहून, गाळून, उकळून. उकळल्यानं शिसं जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं, हे डॉक्टरनं सांगितलं होतं. आणि तपासणीच्या दिवसानंतरचे अकरा दिवस मी वेगळे काढले. आधीचं सोडा, केमिस्ट म्हणू शकतील की लक्षात आलं नाही. पुण्याच्या साहेबांनी दारात त्यांना काय सुनावलं असेल, ते आता कळलं. त्या अकरा दिवसांचं काय म्हणणार?

घरी जायच्या आधी भागूबाईच्या दारात गेलो. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "दादा, माझं पोट दुखायचं तवा मी म्हनायची, दादा पानी आनतोय, आपन काय रडायचं." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो. सोलापूरच्या दवाखान्यातून कारखान्याला फोन आला होता, केमिस्टांना कळलं होतं. खुर्चीवर बसायला सांगितलं. तीन हंगामांत पहिल्यांदा.

"मी तुला धुण्याभांड्याला ने म्हणालो होतो."

"चहाचं तुम्हीच विचारलं होतं, साहेब."

त्यांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'प्रयोगशाळेतील धुवणाचे पाणी पिण्यास अयोग्य असल्याची समज मला हंगामाच्या सुरुवातीस देण्यात आली होती.' खाली माझं पूर्ण नाव. त्या लॅबमध्ये माझं पूर्ण नाव मी पहिल्यांदा वाचलं.

"सही कर. उद्या यादी लागते. नाव वर घालतो तुझं."

कागदावर तारखेची जागा रिकामी होती.

"तारीख कुठली टाकणार, साहेब?"

"ते मी बघतो रे. तू सही कर."

मी मोठा शूर माणूस नाही. बायको, लेक, हात गेलेली आई. कायमची नोकरी म्हणजे काय, ते आमच्या वस्तीत कुणालाही विचारा. पेन मी हातात घेतलंही होतं. पण ती रिकामी जागा दिसत होती. आयुष्यात मी एक आकडा खोटा मांडला नव्हता. मांडला होता एकच, "भांड्याला" म्हणालो तो. त्या एका शब्दानं अकरा दिवस वाढले होते. आता सही केली तर एकाहत्तरच्या एकाहत्तर दिवसांचा गुन्हेगार मी ठरणार होतो, माझ्याच अक्षरात.

"मला समज दिली नव्हती," मी म्हणालो. "तुम्ही मला पाणी दिलं होतं."

"विचार कर. बाहेर प्यायला पाणी नाही तुम्हाला."

तेव्हा मला लख्ख दिसलं. याच भरवशावर तो कागद टाइप झाला होता. याच नाइलाजानं मी हात जोडले होते. गावच्या विहिरीची पायरी चढायला लागू नये म्हणून मी रोज चार किलोमीटर विष वाहत होतो. भांडण नको, म्हणून.

खिडकीतला काठ फुटलेला बीकर उचलला, त्यांच्या टेबलावर कागदावर ठेवला आणि बाहेर पडलो. यादी लागली. नाव नव्हतं.

दुसऱ्या सकाळी टँकर आला तेव्हा मी आणि बायको दोर-बादली घेऊन विहिरीवर चढलो. मागं भागूबाई होती. वरचा एकजण ओरडला, "ए, खाली थांबा! वाढतो की तुम्हाला."

"वाढू नका," बायको म्हणाली. "आमचं आमी काढतो."

ढकलाढकली झाली. माझी बादली विहिरीत पडली, कपाळ फुटलं. त्या दिवशी एक घागरही मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो. नऊ घरं बरोबर होती.

लेक सावरली. भागूबाईही सावरली. आईचा पंजा आजही अर्ध्यातच थांबतो. ती भाकरी थापत नाही. हात जोडायचे म्हटलं तरी तिचे दोन पंजे जुळत नाहीत. माझे जुळतात. पण पाण्यासाठी ते मी पुन्हा कुणापुढं जोडले नाहीत, जोडणार नाही. आणि कुणी पाणी देऊ केलं की आधी एवढंच विचारतो: तुम्ही हेच पिता का?