चोच छाटलेल्या कोंबडीचा स्वभाव

मालनताईंनी ब्राऊन कोंबडी बगलेत धरली, तिची चोच माझ्या नाकापुढं आणली आणि म्हणाल्या, "सायब, हिची चोच कापलेली हाय. मग हिचा सोभाव कसा वळखायचा?"

माझ्या हातात फॉर्म होता. त्यात 'स्वभाव' असा रकाना, आणि पुढं तीन चौकोन: शांत, मध्यम, भांडखोर. माझं पेन 'शांत'वर टेकलेलं होतं.

तेव्हा मी एका हॅचरीत फील्ड ऑफिसर होतो. हॅचरी म्हणजे मशीनमध्ये अंडी उबवून पिल्लं विकणारा धंदा. ऑफिस जळोचीला. कंपनीला इंदापूर तालुक्यातल्या बचत गटांना पक्षी द्यायचे होते, आणि त्याआधी ट्रायल घ्यायची होती. कुठली जात अंडी जास्त देते, कुठली घरात नीट नांदते, ते बघायचं. पळसदेवच्या मालनताई गटाच्या अध्यक्ष, म्हणून ट्रायल त्यांच्या अंगणात. पाच गावरान, पाच कावेरी, पाच आमच्या कंपनीच्या ब्राऊन. सगळ्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या.

मी पायात घालायला प्लॅस्टिकच्या रिंगा नेल्या होत्या. ताईंनी त्या फडताळात ठेवून दिल्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. गावरानला हिरवी, कावेरीला पिवळी, ब्राऊनला निळी. त्या आळीत खुणेला चिंधीच बांधायची रीत. प्रत्येक घराची चिंधी ठरलेली, आणि चिंधी ज्याची त्याची कोंबडी. त्यावर कुणी भांडत नाही.

सहा महिने त्यांनी वहीत नोंदी ठेवल्या. तोंडी निकाल त्याहून नेमका होता. "गावरान अंडी कमी देती. पन खुडूक बसती, पिल्लं काढती, मांजर आलं तर अंगावर धावती. कावेरी मधली. देती बी, फिरती बी. तुमची ब्राऊन अंडी देती, त्यात खोट न्हाय. पन घार डोक्यावर आली तरी बगत बसती. येडी हाय जरा."

आणि मग तो चोचीचा प्रश्न.

चोच छाटणं म्हणजे काय ते सांगतो. शेडमध्ये दाटीनं ठेवलेले पक्षी एकमेकांची पिसं उपटतात. म्हणून पिल्लू आठवड्याभराचं असतानाच मशीनच्या तापलेल्या पात्यानं त्याच्या चोचीचं टोक उडवतात. चोच बोथट झाली की टोचणं जमत नाही. टोचायची खोड मात्र जागेवरच राहते. ट्रायलला आलेल्या आमच्या ब्राऊन छाटलेल्या होत्या. गावरान आणि कावेरीच्या चोची अख्ख्या. एकाचे हात बांधून कुस्ती लावायची आणि मग म्हणायचं, बघा कसा गुणाचा आहे! हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं. मालनताईंनी विचारेपर्यंत मी ते कुणाजवळ बोललो नाही.

अंगणातूनच शितोळेसाहेबांना फोन लावला. ते आमचे मॅनेजर.

"टोचते का ती?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब, पण चोच..."

"टोचत नाही ना? मग शांत. दिसतं ते लिहायचं, वकिली करायची नाही. वाटपाची बॅचही छाटूनच देऊ."

मी 'शांत'वर खूण केली आणि वाटपाच्या कोंबड्याही छाटलेल्याच येतील, असं ताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुमचा शबूद?"

"माझा शब्द."

त्यांनी फॉर्मवर सही केली. गटात जाऊन बायकांना सांगितलं, "ब्राऊन घ्या. गरीब हाय."

वाटपाच्या दिवशी टेम्पो आला. पहिलं क्रेट मीच उघडलं. अख्ख्या, बाकदार, सुईसारख्या चोची. मी टेम्पोच्या आडोशाला जाऊन फोन केला.

"मशीनवरची माणसं दुसऱ्या ऑर्डरला गुंतलीत," शितोळे म्हणाले. "आणि जात शांत आहे, असं तुम्हीच लिहिलंय की."

माझीच ओळ माझ्या तोंडावर मारली त्यांनी. पलीकडं बायका डालगी घेऊन हसतखिदळत उभ्या होत्या. तिथंच मी क्रेट बंद करून टेम्पो माघारी धाडायला हवा होता. मी क्रेटं उतरवून घेतली. शिवाय कंपनीचे जाळीचे पिंजरे, एकेका घराला दहा पक्ष्यांचा एक. दहा पक्षी त्यात मावत होते, पण त्यांना वळता येत नव्हतं.

कोंबड्या अंड्यावर आल्या आणि फोन सुरू झाले. अंडं घातल्यावर कोंबडीचा मागचा भाग थोडा वेळ लाल दिसतो. दाटीत एकीनं तिथं टोचलं, रक्त दिसलं, की सगळ्या तुटून पडतात. "सायब, एकमेकीची आतडी वढाया लागल्यात वो," एक बाई फोनवर सांगत होती, आणि मागून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

समाजमंदिरात मीटिंग झाली. शितोळे गाडीतून उतरले ते घड्याळ बघतच. बायकांनी मेलेल्या कोंबड्यांच्या पायातल्या चिंध्या सोडून आणल्या होत्या. त्या एकेकीनं येऊन टेबलावर टाकल्या. फुलाफुलाच्या, नायलॉनच्या, एक तर जरीच्या काठाची.

"हे काय आहे?"

"मेलेल्या कोंबड्या हायेत," मालनताई म्हणाल्या.

शितोळ्यांनी पेनाच्या टोकानं तो ढीग बाजूला सारला. "याला नोंद म्हणतात? खाद्य वेळेवर दिलं नसेल, पाणी बदललं नसेल. स्वतःला सांभाळता येत नाही आणि नाव जातीला!"

आज लिहितानाही माझ्या कानशिलाची शीर उडते. नुसता हात लावून उद्या अंडं आहे की नाही ते सांगणाऱ्या बायका या. त्यांना हा माणूस पाणी बदलायला शिकवत होता. ज्यानं आयुष्यात एक कोंबडी झाकली नव्हती!

मालनताई माझ्याकडं वळल्या. "सायब, तुमी सांगा. चोचीचं तुमचं माझं काय बोलणं झालं व्हतं?"

मी फाइल उघडली. म्हणालो, "रेकॉर्डला शांत अशीच नोंद आहे. खाली तुमची सही आहे."

मागून गटातल्या कौसाबाई म्हणाल्या, "मालने, तुझ्या जिभेवर घेतल्या गं आमी." त्या बाईचा आवाज चढला नव्हता. त्याच महिन्यात मालनताईंचं अध्यक्षपद कौसाबाईंकडं गेलं. पुढं त्या गटात जायच्याही बंद झाल्या, असं ऐकलं.

वर्षभर मी पळसदेवचा फाटा टाळला. घरी जेवताना शितोळ्यांना शिव्या घालायचो. त्यात मोठी सोय असते. दुसऱ्यावर संतापलेला माणूस स्वतःला प्रामाणिक वाटत राहतो. एक दिवस बायको म्हणाली, "हे सगळं मलाच सांगून काय उपयोग?" दुसऱ्या दिवशी गेलो.

मालनताई अंगणात शेंगा फोडत होत्या. "आत्ता आलाय व्हय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शेंगांवरून मान वर केली नाही. "मला कशापायी सांगताय? मला ठावंच हाय. त्यास्नी सांगा." आणि उठून त्यांनी आळीत हाका घातल्या.

त्याच समाजमंदिरात उभा राहिलो. ट्रायलच्या चोची छाटलेल्या होत्या, हे मालनताईंनी ओळखलं होतं. छाटूनच देऊ, हा शब्द माझा. टेम्पोवर मला अख्ख्या चोची दिसल्या होत्या. मीटिंगमध्ये मी लपवलं. इतकंच बोललो.

कौसाबाईंनी विचारलं, "मग त्या दिशी तोंडात काय धरलं व्हतं तुमी?"

मग त्या मालनताईंकडं वळल्या. "चुकलं गं आमचं. ये परत."

"माझं मी बगीन," मालनताई म्हणाल्या. घरी जाऊन एक गाठोडं घेऊन आल्या. त्यात मीटिंगच्या टेबलावरून उचललेल्या त्या सगळ्या चिंध्या होत्या, धुऊन घडी घातलेल्या. "ह्या फायलीला लावा. आन् आता खरं काय ते ल्ह्या."

मी नवा रिपोर्ट लिहिला. अंडी: ब्राऊन सरस. स्वभाव: तपासलाच गेला नाही. वहीच्या नकला जोडल्या, चिंध्या पाकिटात घालून टाचल्या आणि ऑफिसला दिल्या. उत्तर आलं नाही. माझी बदली खाद्याच्या गोडाऊनला झाली. कंपनीचे पिंजरे पळसदेवात आता कांदे ठेवायला वापरतात, आणि अंगणात कावेरी फिरते. मालनताई सहा महिन्यांनी गटात परतल्या, पण अध्यक्ष कौसाबाईच आहेत.

या धंद्यातला माझा धडा एवढाच: पक्षी शांत आहे असं कुणी सांगितलं, तर आधी त्याची चोच बघावी.

कंपनीत आमचाही दरसाल एक फॉर्म भरला जातो, त्यातही स्वभावाचा रकाना असतो. माझ्या नावापुढं शितोळे दरवर्षी 'शांत' लिहायचे. त्या वर्षी त्यांनी 'भांडखोर' लिहिलं. मी वाचून सही केली.