निळ्या रानातली राखण

जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर लवंडायची अप्पांची सवय मिरजेची. ती त्यांच्याबरोबर विमानात बसून इंग्लंडला आली आहे. लेकीच्या घरातला सोफा मात्र त्यांच्या उंचीला पुरत नाही, म्हणून पाय दुमडून, शाल ओढून ते पडले आहेत. जानेवारीची दुपार, बाहेर ऊन म्हणावं असं काही नाही. केतकी स्वयंपाकघरात भांडी आवरते आहे. मघाशी जेवताना तिनं रोजचंच विचारलं, "अप्पा, जरा रानात जाऊन येऊ या का? मागचं फाटक उघडलं की रानच तर आहे." अप्पांनीही रोजचंच सांगितलं, "उद्या बघू."

भांड्यांचा आवाज लांब जातो. डोळे मिटतात, किलकिले होतात. खिडकीच्या काचेपलीकडे निळं काहीतरी हलतं. अप्पा पाय लांब करतात आणि सोफा संपतच नाही. टाचेला ओला पाचोळा लागतो.

रान निळं झालं आहे. गेल्या वसंतात नवराबायको मिळून लेकीकडे आले होते तेव्हा होतं तसंच. उंच ओकची झाडं, नुकती फुटलेली पालवी आणि खाली माती दिसू नये इतकी ब्लूबेलची फुलं. जानेवारीत ही फुलं नसतात, एवढं अप्पांना झोपेतही कळतं. पण वाद कुणाशी घालायचा? पुढे पायवाटेवर प्रमिलाबाई चालल्या आहेत. सुती साडीवर केतकीचा ढगळ कोट, मोज्यांवर चप्पल, हातात कापडी पिशवी. सप्टेंबरात मिरजेच्या दवाखान्यात वारलेली अप्पांची बायको, जशीच्या तशी.

आता ही पिशवी कशाची, ते सांगायलाच हवं. प्रमिलाबाई फुलचोर होत्या. पहाटे त्या फिरायला निघाल्या की कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंद त्यांच्या तावडीतून सुटत नसे, आणि जी डोकावत नसे तिच्यासाठी हात आत घालावा लागे, त्याला त्यांचा नाइलाज होता. "चोरून कशाला, सांगूनच तोडते की," त्या म्हणत. कुणाला सांगून, असं विचारलं तर म्हणत, "देवाला." अप्पा पडले एस.टी.तून निवृत्त झालेले, नियमानं चालणारे गृहस्थ. ते चार पावलं पुढे चालत, या बाईंची आपली ओळखही नाही असा चेहरा करून. पण राखण त्यांच्याकडेच असे. कुणी येताना दिसलं की अप्पांनी खाकरायचं, आणि खाकरलं की बाईंनी हात काढून घेऊन मागे न बघता चालू लागायचं. सगळ्या संसारात दोघांनी जोडीनं केलेला गुन्हा तेवढाच.

इथल्या रानाच्या तोंडाशी मात्र पाटी होती, फुलं तोडू नयेत म्हणून. प्रमिलाबाई जन्मात पहिल्यांदा हात मागे बांधून फिरल्या. "एवढी फुलं, आणि माझ्या देवाला एक नाही," असं एकदाच म्हणाल्या. अप्पा म्हणाले, "परका मुलुख आहे. गप चल."

आता त्या पुढे आहेत आणि अप्पा मागे.

"अगं," अप्पा हाक मारतात.

त्या वळत नाहीत. अप्पा भराभर पाय उचलतात, तरी अंतर तेवढंच राहतं. अंबाड्याखालचे पांढरे केस दिसतात, चेहरा दिसत नाही. मागून येणारा माणूस आपला कुणी नव्हे अशी त्यांची चाल आहे. अप्पांना ती चाल चांगलीच माहीत आहे. ती त्यांची स्वतःची आहे.

"अगं, थांब की जरा."

"चाला की. वाट काय माझ्या एकटीची आहे?"

हा आवाज ऐकायला अप्पा सप्टेंबरपासून तळमळले आहेत. ओकच्या आडून मिरजेतल्या शेजारच्या आरवाड्यांच्या कंपाउंडची भिंत येते, तिच्यावरून लाल जास्वंद निळ्या फुलांत वाकलेली. भिंत संपते तिथं पायाखाली फरशी लागते आणि औषधांचा वास येतो. दवाखान्याचा जिना झाडांतून खाली उतरला आहे. त्याच्या तोंडाशी प्रमिलाबाई थांबतात आणि वळतात.

त्या दिवशी सिस्टरनं औषधाची चिठ्ठी दिली म्हणून अप्पा हा जिना उतरले होते. इंजेक्शन घेऊन वर आले, तर प्रमिलाबाईंच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

"मला सांगायचं होतंस," अप्पा म्हणतात. "जन्मभर मी तुझ्यासाठी खाकरलो. तुला एकदा खाकरता आलं नाही? मी अर्ध्या जिन्यातून परत आलो असतो."

प्रमिलाबाई त्यांच्याकडे बघतात. रागानं नाही.

"खाकरायला दम लागतो हो," त्या म्हणतात. "तेवढा नव्हता राहिला."

अप्पा पायरीवर बसतात. लेकीसमोर इतके दिवस आवरून धरलेलं रडू येतं, आणि ते येऊ देतात. पाचोळ्यावर, फरशीवर, दोन्हींवर टिपं पडतात.

"पुरे आता. मला फूल काढून द्या एक."

"मी?"

"मग कोण? मघापासून बघतेय, माझ्या हाताला लागत नाहीत. निसटतात."

"पाटी आहे तिथं."

"असू दे पाटी. आज राखण मी करते. दांडी अलगद ओढा, उपटू नका. खालचा कांदा मातीत राहू दे, पुढच्या वर्षी यायला."

अप्पा गुडघे टेकतात. गुडघे दुखत नाहीत, म्हणजे हे स्वप्नच, याचंच त्यांना वाईट वाटतं. दांडी कच्चकन तुटते आणि बोटांना चीक लागतो, दाट आणि चिकट. प्रमिलाबाईंची बोटं कायम अशीच असत, कण्हेरीच्या नाहीतर चाफ्याच्या चिकानं काळवंडलेली. आधी हात धुऊन ये, म्हणून अप्पा रोज कुरकुरत आणि त्या तशाच हातांनी चहा पुढे करत.

"एक पुरे?"

"पुरे की. देव काय मोजत बसतोय?"

"आणखी घेतो. तू थांबणार असशील तर सगळं रान तोडून देतो."

अप्पा दुसरी दांडी धरतात, पण ओढत नाहीत. एक फूल तोडायला इतका वेळ कुणाला लागत नाही. अप्पा लावतात. पाठीमागे त्या उभ्या आहेत, पिशवीचा बंद हातात गुंडाळतात, सोडतात. तेवढं ऐकू येतंय तोवर सगळं ठीक आहे.

मग पाठीमागून खाकरल्याचा आवाज येतो. चांगला मोकळा, भरपूर दम असलेला.

अप्पांना नियम माहीत आहे. त्यांनीच तो घालून दिला होता. दांडी सोडून ते उठतात. पहिलं फूल तेवढं न वळता मागे धरतात, आणि त्यांच्या बोटांतून ते कुणीतरी हळूच काढून घेतं. एकदाच वळावं, तोंड बघावं, म्हणून आतडं तुटतं. पण वळलं की पकडलं जातं, आणि पकडली जाईल ती. जबडा आवळून अप्पा सरळ चालू लागतात. फरशी, पाचोळा, फाटक.

"अप्पा. चहा."

केतकी कप घेऊन उभी आहे. दिवा लागला आहे. खिडकीबाहेरचं रान काळं आणि उघडं, एक पान नाही त्याच्यावर.

"झोपेत रडत होता तुम्ही," ती खालच्या आवाजात म्हणते. "आईच होती ना?"

अप्पा होय म्हणून मान हलवतात. उजवी मूठ मिटलेली आहे. ती उघडतात, तर अंगठा आणि बोट एकमेकांना चिकटलेली. ओढून सोडवावी लागतात. मध्ये चिकाची हिरवट तार धरते, आणि कोवळी दांडी मोडल्यावर येतो तसा कच्चा वास येतो.

"काय लागलंय हाताला? आधी हात धुऊन घ्या, मग चहा."

"राहू दे."

अप्पा डावा हात पुढे करतात. केतकी कप देता देता थांबते. या माणसानं तिला लहानपणी डाव्या हातानं साधा पेढा कधी घेऊ दिला नव्हता.

"अप्पा, डाव्या हातानं?"

"असू दे आज," अप्पा म्हणतात, आणि कप घेतात. उजवा हात शालीखाली मांडीवर आहे. चीक वाळत चालला आहे, म्हणून ते बोटं हलवत नाहीत.