मुरल्या गंगा पार करतो

चार पोहणारे घाटावर जमले की अंग कमी भिजतं आणि तोंडच जास्त चालतं! संगमनेरला प्रवरेच्या घाटावर आमचं टोळकं रोज सकाळी जमायचं. बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आधी दोन वर्षं नदीला पाणी बक्कळ आणि आम्हाला उद्योग कमी. तेव्हाचे किस्से इतके साठलेत की अजूनही कुणी चहा पाजला की मी सुरू होतो. त्यातले निम्मे एकट्या मुरल्याचे!

मुरल्याचं पेठेत भांड्यांचं दुकान. लग्न नुकतंच उन्हाळ्यात शांताशी झालेलं. सासुरवाडी कोपरगावच्या खालच्या अंगाला, गंगेच्या काठी. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. त्या गावात बायकासुद्धा पट्टीच्या पोहणाऱ्या. स्थळ जमवताना मुरल्याच्या मामानं थाप ठोकून दिली, "पोरगा पोहण्यात वाघ आहे वाघ!"

वाघ कसला! मुरल्या गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेला नव्हता. आणि आता सासऱ्याचा निरोप आला, "दिवाळसणाला या. जावईबापूंचं पोहणं सगळ्या गावाला बघायचंय."

मुरल्या रडकुंडीला आला. "शांतासमोर अब्रूचं पार खोबरं होईल रे! काहीही करा, दिवाळीच्या आत मला पोहायला शिकवा!"

*

आमचे उस्ताद म्हणजे रहीमचाचा. धंदा गाद्या भरायचा, पण निम्म्या पेठेला पोहायला त्यांनीच शिकवलेलं. शिकाऊ माणसाच्या पाठीला वाळका भोपळा बांधायची त्यांची पद्धत.

मुरल्या म्हणाला, "भोपळा कशाला? आपलं भांड्यांचं दुकान असताना?" आणि दुसऱ्या दिवशी नवीकोरी तांब्याची घागर, तोंडात चिंध्या कोंबून, पाठीला बांधून हजर!

उडी मारली. घागर वर, मुरल्या खाली! चाचांनी केस धरून बाहेर ओढला. तेवढ्यात दोर सुटला आणि घागर निघाली धारेला. खाली एक आजी धुणं धूत होत्या. त्यांनी घागर उचलली, कपाळाला लावली आणि बाजूला ठेवली.

मुरल्या धापा टाकत पोचला. "आजी, माझीय ती!"

"हाट मुडद्या! नदीमायनं दिलीय मला. तुला पायजेल तर तू बी माग तिच्याकडं!"

*

मग चाचा म्हणाले, "आदी जमिनीवर हातपाय बसव, मग पान्यात ये."

झालं! दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मुरल्या पोत्यांवर पालथा पडून हातपाय मारायचा. एकदा शेजारच्या गल्लीतल्या काकू कढई बघायला आल्या. बघतात तर दुकानदार आडवा आणि तडफडतोय!

"अगंबाई! पोटात कळ आली का रे?"

आता खरं सांगावं तर शांताच्या कानावर जायला कितीसा वेळ! मुरल्या कण्हत म्हणाला, "लई कळ आलीय, काकू!"

काकूंनी घरी पळत जाऊन मूठभर ओवा आणला आणि समोर उभं राहून खायला लावला. तेवढ्यावर थांबल्या नाहीत, शांतालाही जाऊन सांगितलं. आठवडाभर मुरल्याच्या ताटात नुसता मऊ भात!

घाटावर आला तो म्हणाला, "चाचा, लवकर शिकवा. बुडून मरायच्या आधी मी उपाशी मरेन!"

*

आमची पोहायची तऱ्हा अशी, की धारेबरोबर तिरकं पलीकडं जायचं आणि पुलावरून चालत परत यायचं. दोनदा कोण हात मारणार! ओल्या लंगोटातली आमची वरात पेठेच्या सवयीची झाली होती.

शाळेचे हेडमास्तर आमच्यातलेच. एकदा बाजाराच्या दिवशी बैलगाड्यांनी पूल तुंबला आणि सर बरोबर मधोमध अडकले. लंगोटावर! गाडीतून एक पालक उतरला आणि हात जोडून उभा राहिला.

"सर, आमचा बाळ्या पास व्हईल का?"

सर दोन्ही हातांनी जमेल तेवढं झाकत म्हणाले, "उद्या शाळेत या, सविस्तर बोलू."

"उद्या कशापायी? आत्ता तुमी निवांतच हाय की!"

मागून आणखी तीन पालक उतरले.

*

दिवाळीच्या तोंडावर मुरल्यानं प्रवरा पार केली! पलीकडं पोचला आणि समोर डुंबणाऱ्या म्हशीच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडला. खरं सांगतो, आम्हालाही भरून आलं.

चाचा मात्र या काठावरून बोंबलत होते, "आरं सोड तिला! मारकी हाय ती!"

*

आणि आला दिवाळसण. पाडव्याला सकाळी सासरा, मेव्हणे, सगळं गाव गंगेच्या काठावर. गावची नाव दुरुस्तीसाठी पालथी घातलेली. मुरल्यानं शांताकडं एकदा बघितलं आणि उडी टाकली.

काय पोहला गडी! धारेबरोबर तिरका सुटला, वळणाआड दिसेनासा झाला आणि पलीकडं सुखरूप लागला. काठावर एकटाच नाचला. मग सवयीनं पुलाकडं वळला, दुसऱ्यांदा हात मारायचं बळ होतं कुठं! पण पूल कुठाय? बाभळीखाली एक मेंढपाळ बसला होता.

"दादा, पूल कुठं आला?"

"पूल? त्यो कोपरगावला की!"

इकडं गाव वाट बघतंय. दुपार झाली, पुरणपोळ्या गार झाल्या, सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. मेव्हणे काठाकाठानं हाका मारून आले. शांताच्या डोळ्याचं पाणी खळेना. सासरा तेवढा म्हणत होता, "दम धरा. जावई लांबचा पोहणारा हाय!"

दिवेलागणीला कोपरगावची एस.टी. आली. लंगोटावर कंडक्टरनं दिलेला टॉवेल गुंडाळून मुरल्या खाली उतरला.

सासरा धावला. "जावईबापू! कुठून आलात?"

मुरल्याच्या अंगात खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "कोपरगावहून."

सासऱ्यानं आ वासला. मग गावाकडं वळून ओरडला, "कोपरगाव! धारेच्या उलटं! आरं, हलगी आना!"

मुरल्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं. हलगी, फटाके, गुलाल! वरात घरी आली तेव्हा शांता तांब्या घेऊन दारात उभी होती, डोळे रडून सुजलेले. तिनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. मग वाकून पाणी ओतता ओतता, त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली,

"आधी पाय धुवा. धूळ किती लागलीय!"