फोटो परत देण्याआधी

जळगावच्या आमच्या समाज कार्यालयातून दरवर्षी वधू-वर परिचय पुस्तिका निघते, आणि तिथल्या संगणकांचा कारभार माझ्याकडे. दर गुरुवारी धुळ्याहून एसटीने जायचं, सर्व्हरचा बॅकअप झालाय का ते बघायचं, चहा प्यायचा आणि परतायचं. पडद्यावर हिरवी खूण दिसली की काम संपलं. दोन वर्षं मी त्या खुणेच्या जिवावर ऐटीत वावरले.

फॉर्म घ्यायला अक्का बसायच्या. त्यांचा नियम कडक: मुलीचा फोटो स्कॅन झाला की मूळ फोटो घरच्यांना परत. लेकीबाळींचे फोटो परक्या कपाटात पडून राहिलेले आमच्याकडे कुणाला खपत नाहीत. त्यामुळे पुस्तिका छापायला जाईपर्यंत फोटो फक्त संगणकात. तो गेला तर त्या मुलीच्या पानावर रिकामी चौकट, आणि रिकामी चौकट दिसली की लोक सरळ पान उलटतात. म्हणून फोटो परत द्यायच्या आदल्या दिवशी अक्का सगळं जागेवर आहे ना, याची खात्री करून घ्यायच्या, "बठ्ठं शे ना माय?" मी खूण बघून म्हणायचे, "बठ्ठं शे, अक्का."

त्या गुरुवारी परतीची बस उशिरा होती. वेळ जात नव्हता, म्हणून मी बॅकअप एका रिकाम्या संगणकावर उघडून बघितला. नावं होती, उंची होती, शिक्षण होतं, मामाचं गावसुद्धा होतं. फोटो एकही नव्हता.

"अक्का, फोटो कुठे ठेवता तुम्ही?"

त्यांनी स्वतःच्या संगणकाकडे बोट केलं. डेस्कटॉपवर फोटोच फोटो, तसूभर जागा मोकळी नाही. "दिनभर पोरेस्ना मायबाप येतस, फोटो दखाडा म्हनतस. मी कोठे सर्व्हरमा शोधत बसू?"

बॅकअप फक्त सर्व्हरचा व्हायचा. अक्कांचं काही चुकलं नव्हतं; त्यांना हे सांगायचं काम माझं होतं. दोन वर्षं आत न डोकावता मी होकार देत आले, हे मी त्यांच्यासमोर कबूल केलं. मला फार लाज वाटली. त्यांनी मला यथेच्छ झापलं, मग दोघींसाठी चहा मागवला. संध्याकाळपर्यंत सगळे फोटो सर्व्हरवर गेले, नवा बॅकअप झाला, आणि अक्कांनी नवा नियम काढला: बॅकअपमधून मुलीचा फोटो उघडून घरच्यांना दाखवायचा, मगच हातातला परत द्यायचा.

दुसऱ्या दिवशी फोटो परत न्यायला आलेल्यांची रांग जिन्यावरून खाली गेली; त्यासाठी मीही पुन्हा धुळ्याहून आले होते. यावलहून आलेले एक नाना वैतागले. "मनी बस चुकी जाई. फोटो द्या, सिनेमा नका दखाडू."

अक्का ढिम्म. मी त्यांच्या मुलीचं नाव टाकलं. आदल्या दिवसाचा धसका अजून गेला नव्हता. निळ्या साडीतली मुलगी पडद्यावर आली आणि मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

नानांनी खिशातून चष्मा काढून लावला. मागून कुणीतरी "चला, आवरा" म्हणालं. "थांबा जरासं," नाना म्हणाले, आणि दाराबाहेर जाऊन जिन्याच्या कठड्यावरून वाकून त्यांनी खाली थांबलेल्या बायकोला हाक मारली, "वर ये, आपली पोर देख."

ती माउली धापा टाकत वर आली. मी उठून तिला माझी खुर्ची दिली.